बुद्धांची ३२ लक्षणं आणि एकूण दिसणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

३२ लक्षणं, ३२ लक्षणं म्हणतात ते नेमकं काय आहे?

पालीत 'महापुरिसलक्खण'. म्हणजे महापुरुषाच्या अंगावर जन्मापासून असणाऱ्या ३२ खुणा. ज्याच्या अंगावर या असतील त्याच्यापुढे दोनच वाटा, घरात राहिला तर चक्रवर्ती राजा होणार आणि घर सोडलं तर सम्यक संबुद्ध, म्हणजे स्वतःहून पूर्ण जागृत झालेला बुद्ध. सिद्धार्थाच्या जन्मानंतर असित ऋषी येऊन बाळाला बघून आधी हसतो आणि मग रडतो ती गोष्ट सगळ्यांना माहीत असते, त्याचं कारणच हे. त्याला बाळ कोण होणार ते कळलं, आणि आपण तोवर जिवंत नसणार हेही कळलं. नंतर नाव ठेवायच्या दिवशी आठ ब्राह्मण बोलावले होते, त्यातल्या सात जणांनी दोन बोटं वर केली (राजा किंवा बुद्ध), आणि वयाने सगळ्यात लहान असलेल्या कोंडञ्ञाने एकच बोट वर केलं. पुढे पंचवर्गीय भिक्खूंमधला, म्हणजे बुद्धांच्या पहिल्या पाच शिष्यांमधला, पहिला तोच.

ही लिस्ट कुठे सापडते?

दीघनिकाय आणि मज्झिमनिकाय हे सुत्तांचे म्हणजे बुद्धांच्या उपदेशांचे पाली संग्रह. दीघनिकायात लक्खण सुत्त आणि महापदान सुत्त, मज्झिमनिकायात ब्रह्मायु सुत्त. ही तीन मुख्य. अंबट्ठ सुत्त आणि सेल सुत्तात लक्षणं तपासायला आलेल्या लोकांच्या गोष्टी आहेत पण पूर्ण लिस्ट नाही. संस्कृतात ललितविस्तर, महावस्तु वगैरे. एक गंमत म्हणजे पाली लिस्ट तळपायापासून सुरू होऊन वर जाते आणि ललितविस्तरातली डोक्यापासून खाली येते, म्हणून नंबर देऊन बोलायला गेलं की घोळ होतो, तुमचं पाचवं लक्षण आणि दुसऱ्याचं पाचवं लक्षण वेगळं निघतं. नंबर सोडा, नाव घ्या.

सगळी सांगा ना एकदा.

बरं, एका दमात सांगतो. तळपाय सपाट आणि जमिनीवर पूर्ण टेकणारे, तळव्यांवर हजार आऱ्यांची चक्रं, टाचा मागे आलेल्या, बोटं लांब, हातपाय मऊ, बोटांमध्ये जाळी, घोटे उंच, पोटऱ्या हरणासारख्या, न वाकता हात गुडघ्यांना लागतात, गुह्यांग आवरणात झाकलेलं, कांती सोन्यासारखी, त्वचा इतकी तुकतुकीत की धूळ चिकटत नाही, एका रंध्रातून एकच केस, ते केस वर वळलेले निळे-काळे आणि उजवीकडे फिरलेले, शरीर ब्रह्म्यासारखं सरळ, सात जागा भरीव (दोन हात, दोन पाय, दोन खांदे आणि मान), छाती सिंहासारखी, दोन खांद्यांमधली पाठ भरलेली, उंची आणि पसरलेल्या हातांची लांबी सारखी म्हणजे वडाच्या झाडासारखा घेर, मान सगळीकडून सारखी गोल, चव घेण्याची शक्ती उत्तम, जबडा सिंहाचा, दात चाळीस, एकसारखे, मध्ये फट नाही, सुळे पांढरेशुभ्र, जीभ लांब आणि रुंद, आवाज ब्रह्म्यासारखा आणि करवीक पक्ष्यासारखा, डोळे गडद निळे, पापण्या गाईच्या वासरासारख्या, भुवयांच्या मध्ये पांढरी मऊ लव म्हणजे ऊर्णा, आणि डोकं उष्णीष असलेलं.

हो, चाळीस दात. आपली बत्तीशी तिथे कमी पडते.

मग बुद्ध खरंच असे दिसायचे का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि माझं उत्तर असं आहे की ज्या ग्रंथांनी ही लिस्ट दिली त्याच ग्रंथांनी बुद्ध चारचौघांत ओळखू येत नसत हेही तितक्याच सहजपणे लिहून ठेवलंय. दोन्ही एकत्र वाचायला हवं. नुसती लिस्ट वाचली की माणूस एकतर हात जोडतो नाहीतर हसतो.

पुक्कुसातीची गोष्ट घ्या (धातुविभंग सुत्त). राजगृहात भग्गव नावाच्या कुंभाराच्या कामाच्या जागेत बुद्ध रात्रीपुरती जागा मागतात. कुंभार म्हणतो माझी हरकत नाही, पण आधीच एक प्रव्रजित (घर सोडून संन्यास घेतलेला) उतरलाय, त्याला चालत असेल तर रहा. तो म्हणजे पुक्कुसाती. दोघं तिथेच गवत अंथरून बसतात, बरीच रात्र ध्यानात जाते. मग बुद्ध त्याला विचारतात, तू कोणाच्या नावाने घर सोडलंस? तो म्हणतो, भगवान गोतमांच्या. ते सध्या कुठे आहेत? श्रावस्तीत. तू त्यांना कधी बघितलंयस का, बघितलं तर ओळखशील का? पुक्कुसाती सरळ सांगतो, नाही बघितलं, आणि समोर आले तरी ओळखणार नाही. हे तो बुद्धांच्या तोंडावर सांगतोय! सोन्याची कांती, उष्णीष, ऊर्णा, एकाच खोलीत दोन हातांवर, आणि त्याला काहीच वेगळं वाटलेलं नाही. ओळख पटते ती उपदेश ऐकताना.

राजा अजातशत्रूचंही तेच. पौर्णिमेच्या रात्री तो जीवकाच्या आंबराईत येतो आणि समोर भिक्खूंचा मोठा संघ बसलाय तर जीवकालाच विचारतो की यातले भगवान कोण? जीवकाला सांगावं लागतं की ते बघा, मधल्या खांबाला टेकून पूर्वेकडे तोंड करून बसलेत ते. गोसिंग वनातला राखणदार तर बुद्धांना आतच सोडत नाही, म्हणतो श्रमणा, इथे तीन कुलपुत्र राहतात, त्यांना त्रास देऊ नकोस. ते तिघं बुद्धांचेच शिष्य. अनुरुद्ध ऐकतो आणि म्हणतो अरे बाबा अडवू नकोस, आमचे शास्ते आहेत ते.

आणि विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, नंदाचा किस्सा आहे. नंद हा सावत्र भाऊ, देखणा, बुद्धांपेक्षा चार बोटं बुटका. तो बुद्धांच्या मापाचं चीवर (भिक्खूचं वस्त्र) घालायचा आणि लांबून येताना दिसला की थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू बुद्धच आले समजून आसनावरून उठायचे. मग नियम करावा लागला की सुगताच्या (बुद्धांच्या) मापाचं चीवर कोणी वापरायचं नाही. म्हणजे चार बोटांचा फरक सोडला तर सख्ख्या ओळखीच्या लोकांनाही लांबून दोघांत फरक कळत नव्हता.

मग ती लिस्ट खोटी म्हणायची का?

खोटी-खरी हा प्रश्न त्या लिस्टला लागू पडत नाही असं मला वाटतं, कारण ती ओळखपत्रावरच्या फोटोसारखी वापरायला केलेलीच नव्हती. लक्खण सुत्त नीट वाचलं तर त्यात बुद्ध सांगतात की ही ३२ लक्षणं बाहेरच्या ऋषींनाही माहीत आहेत, पण कोणत्या कर्मामुळे कोणतं लक्षण मिळतं ते त्यांना माहीत नाही. आणि मग अख्खं सुत्त फक्त त्यावरच आहे, म्हणजे एकेका अवयवामागे मागच्या जन्मांतलं एकेक वागणं.

आणि ते वागणं बघा ना किती साधं आहे. चहाड्या करून माणसं फोडली नाहीत, उलट फुटलेली जोडली, म्हणून चाळीस दात आणि मध्ये फट नाही. कठोर बोलला नाही, म्हणून लांब जीभ आणि ब्रह्मस्वर. वायफळ बडबड केली नाही म्हणून सिंहाचा जबडा. मापात, तराजूत फसवलं नाही, पोटापाण्याचा धंदा सचोटीने केला, म्हणून दात एकसारखे आणि पांढरे. लोकांकडे तिरप्या नजरेने, चोरून बघितलं नाही, सरळ मायेने बघितलं, म्हणून तसे डोळे आणि तशा पापण्या. रागावला नाही आणि मऊ कपडे दान केले म्हणून सोन्याची कांती. जाणत्या माणसांकडे जाऊन काय चांगलं काय वाईट हे विचारत राहिला म्हणून धूळ न चिकटणारी त्वचा. विद्या किंवा कला शिकवताना शिष्याला ताटकळत ठेवलं नाही, त्याला लवकर यावं म्हणून मनापासून शिकवलं, त्याचं फळ हरणासारख्या पोटऱ्या. शेवटचं माझं आवडतं, कारण शिकवणाऱ्याने हातचं राखून न ठेवणं हे कोणाला पुण्य वाटत नाही सहसा.

असं वाचलं की ही लिस्ट शरीराची कमी आणि वागण्याची जास्त वाटायला लागते. माझ्या मते तीच तिची जागा आहे.

ही लक्षणं फक्त गौतम बुद्धांचीच की सगळ्या बुद्धांची?

सगळ्या बुद्धांची सारखीच. महापदान सुत्तात तर ती विपस्सी बुद्धांच्या जन्माच्या निमित्ताने आलीत. चक्रवर्ती राजालाही तीच ३२. त्यामुळेच वज्रच्छेदिकेत (महायान परंपरेतला एक ग्रंथ) बुद्ध आपल्या सुभूती या शिष्याला अडकवतात: लक्षणांवरून तथागत (म्हणजे बुद्ध) ओळखायचा म्हटलं तर मग चक्रवर्ती राजासुद्धा तथागत ठरेल की. सुभूतीकडे यावर उत्तर नसतं, तो मान्य करतो.

डोक्यावरचा तो उंचवटा म्हणजे काय? हाड की केस?

उष्णीष. यावर जुन्या लोकांचंच एकमत नव्हतं. पाली ग्रंथांचा टीकाकार बुद्धघोष याने दोन अर्थ दिलेत, एक म्हणजे उजव्या कानापासून डाव्या कानापर्यंत कपाळावरून गेलेला मांसाचा पट्टा, फेटा बांधल्यासारखा दिसणारा, आणि दुसरा म्हणजे डोकं सगळीकडून भरलेलं गोल. दोन्हीत वर टेंगूळ नाही! ते टेंगूळ मूर्तिकलेतून पक्कं झालं. गांधारच्या मूर्तींमध्ये नागमोडी केस वर बांधलेला बुचडा दिसतो, मथुरेच्या सुरुवातीच्या मूर्तींमध्ये गुळगुळीत डोक्यावर शंखासारखी एक वळलेली जटा दिसते, आणि नंतर सगळीकडे ते छोटे छोटे उजवीकडे वळलेले कुरळे केस आणि खाली हाडाचा वाटावा असा उंचवटा. थायलंडमध्ये त्यावर अजून ज्योत आली.

पण भिक्खू तर मुंडण करतात, मग बुद्धांना केस कसे?

चांगला प्रश्न. सुत्तांमध्ये सरळ लिहिलंय की त्यांनी केस-दाढी काढून काषाय वस्त्रं घातली, आणि सुंदरिक भारद्वाज नावाचा ब्राह्मण यज्ञातलं उरलेलं अन्न द्यायला जवळ येतो तर बुद्ध डोक्यावरचं वस्त्र बाजूला करतात आणि तो म्हणतो अरे हा तर मुंडक आहे, आणि परत फिरायला लागतो. म्हणजे डोकं तुळतुळीत होतं. नंतरच्या कथांनी तडजोड काढली की तलवारीने केस कापल्यावर ते दोन बोटं लांबीचे राहिले, उजवीकडे वळून डोक्याला चिकटले आणि आयुष्यभर पुन्हा वाढलेच नाहीत. मूर्तिकारांनी ही कथा घेतली.

ते केस म्हणजे डोक्यावर बसलेल्या १०८ गोगलगाई आहेत हे खरंय का?

नाही. ऊन लागू नये म्हणून गोगलगाई डोक्यावर जाऊन बसल्या ही गोष्ट गोड आहे, मुलांना सांगायला छान, पण जुन्या पाली-संस्कृत ग्रंथांत ती नाही. वळलेल्या केसांचं कारण वर सांगितलेलं लक्षणच आहे.

लांब कान ३२ मध्ये आहेत का?

नाहीत. पुष्कळांना वाटतं पहिलंच लक्षण ते असेल. लांब आणि भरीव कान ८० च्या लिस्टमध्ये येतात. आणि राजघराण्यात जड कुंडलं घालून पाळ्या ओघळल्या हेही कारण सांगतात, ते पटण्यासारखं आहे, कारण मूर्तींमध्ये कुंडलं नाहीत पण पाळीतलं मोठं भोक बऱ्याचदा असतं.

८० ची लिस्ट? ती कुठली अजून?

अनुव्यंजनं. दुय्यम खुणा म्हणा. यात नखं तांब्याच्या रंगाची, तुकतुकीत आणि उंच, शिरा दिसत नाहीत, नाभी खोल आणि उजवीकडे वळलेली, चाल सिंहाची, हत्तीची, हंसाची, बैलाची, भुवया लांब, केस सुगंधी असं बरंच आहे. जुन्या सुत्तांत नुसती ३२ आहेत, ८० ची तपशीलवार लिस्ट नंतरच्या साहित्यातली. मला ती ३२ इतकी रोचक वाटत नाही, कारण तिच्यामागे कर्माचा तो धागा नाही, नुसतं सौंदर्यवर्णन वाढत जातं.

कपाळावरचा ठिपका म्हणजे टिळा आहे का?

टिळा नाही, ऊर्णा. भुवयांच्या मध्ये उगवलेली कापसासारखी पांढरी मऊ लव. मूर्तीत गोल ठिपका किंवा खाच करतात, काही ठिकाणी तिथे स्फटिक किंवा रत्न बसवतात. लक्खण सुत्तात हे सत्य बोलण्याचं फळ.

बोटांमध्ये खरंच बदकासारखा पडदा?

ग्रंथात जाळी म्हटलंय. टीकाकार म्हणतात पडदा नव्हे, कारण बोटं जोडलेल्या माणसाला तर प्रव्रज्याच मिळत नाही, बोटं सारखी आणि एकाला एक लागून होती एवढाच अर्थ. पण गुप्तकाळातल्या मूर्ती बघितल्या तर बोटांच्या मध्ये खरंच पातळ पापुद्रा कोरलेला दिसतो. दगडात सुटी बोटं तुटतात म्हणून मध्ये दगड ठेवला आणि त्यावरून जाळीची कल्पना पक्की झाली असाही एक तर्क अभ्यासक देतात.

विचारायला ऑकवर्ड वाटतं, पण ते गुह्यांगाचं लक्षण लोकांना दिसलं कसं?

ऑकवर्ड वाटायचं कारण नाही, सुत्तातल्या पात्रांनाही हीच अडचण आलीय. सेल, अंबट्ठ, ब्रह्मायु, सगळ्यांना ३० लक्षणं दिसतात आणि दोन अडतात, आवरणातलं गुह्यांग आणि लांब जीभ. कपड्यातलं आणि तोंडातलं. बुद्ध ऋद्धीने (अलौकिक शक्तीने) पहिलं त्यांना दिसेल असं करतात, आणि जीभ बाहेर काढून दोन्ही कान, नाकपुड्या आणि सगळं कपाळ झाकून दाखवतात. गुह्यांगाच्या लक्षणामागचं कर्म मात्र वाचण्यासारखं आहे: हरवलेल्या, ताटातूट झालेल्या नातेवाईकांची गाठ घालून दिली, आईला मुलाशी, भावाला बहिणीशी भेटवलं, म्हणून हे लक्षण.

उंची किती होती?

अट्ठकथेत (पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकेत) अठरा हात. चिनी परंपरेत सोळा फूट. पण वरचा नंदाचा किस्सा लक्षात घ्या, भाऊ चार बोटं कमी आणि लोक गोंधळतात, म्हणजे उंची माणसाचीच. बामियानच्या मूर्ती (५५ आणि ३८ मीटर, २००१ च्या मार्चमध्ये उडवल्या) किंवा चीनमधली लेशानची ७१ मीटरची मूर्ती यांचा आकार उंचीच्या दाव्यातून आलेला नाही, तो भक्तीचा आणि राजांच्या ऐपतीचा.

अंगाभोवती प्रकाश दाखवतात त्याचं काय?

वावभर प्रभा, म्हणजे दोन्ही हात पसरले की जितकं अंतर तितकी, अशी परंपरा आहे. शिवाय सहा रंगांचे किरण: निळा, पिवळा, लाल, पांढरा, मंजिष्ठ (केशरी-तांबूस) आणि सगळे मिळून सहावा. अट्ठकथा सांगते की निळे किरण केस आणि डोळ्यांतून, पिवळे त्वचेतून, लाल मांस-रक्तातून, पांढरे हाडं आणि दातांतून. बौद्ध ध्वजाचे रंग हेच, तो १८८५ च्या वैशाख पौर्णिमेला कोलंबोत पहिल्यांदा फडकला.

मग बुद्ध म्हातारे झालेच नाहीत का? मूर्ती तर कायम तरुण.

झाले की, आणि ते लिहून ठेवायला कोणी लाजलेलं नाही. श्रावस्तीला पूर्वारामात संध्याकाळी बुद्ध मावळतीच्या उन्हात पाठ शेकत बसलेत, आनंद त्यांचे हातपाय चोळतोय आणि चोळता चोळता म्हणतो, भन्ते, आश्चर्य आहे, आता कांती पहिल्यासारखी स्वच्छ उजळ राहिली नाही, अंग सैल पडलंय, सुरकुत्या आल्यात, शरीर पुढे वाकलंय. बुद्ध म्हणतात, असंच असतं आनंदा, तारुण्यात जरा असतेच. सोन्याची कांती, ब्रह्म्यासारखं सरळ शरीर, धूळ न चिकटणारी त्वचा, यातली प्रत्येक गोष्ट त्या एका वाक्यात खाली येते, आणि बोलणारा कोणी विरोधक नाही, रोज सेवा करणारा माणूस आहे. महापरिनिब्बान सुत्तात ८० व्या वर्षी ते स्वतःच म्हणतात की जुना गाडा दोऱ्या बांधून कसाबसा चालवावा तसं हे शरीर चाललंय.

हाडं दिसणारी बुद्धमूर्ती बघितली, ती कोणाची?

सिद्धार्थाचीच, बोधीच्या आधीच्या उपासाच्या काळातली. सगळ्यात प्रसिद्ध लाहोर म्युझियममधली, गांधारातल्या सिक्रीची. महासच्चक सुत्तात बुद्ध स्वतः वर्णन करतात: पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागायचा, अंगावरून हात फिरवला तर मुळं कुजलेले केस गळून पडायचे, डोळे खोल विहिरीतल्या पाण्यासारखे आत गेलेले. बघणारे लोक वाद घालायचे की श्रमण गोतम काळा आहे की सावळा. नंतरच्या निदानकथेत (जातककथांच्या प्रस्तावनेतलं बुद्धचरित्र) तर स्पष्टच म्हटलंय की तेव्हा ३२ लक्षणं झाकली गेली आणि जेवण सुरू झाल्यावर परत आली.

आणि तो जाडा, हसणारा बुद्ध?

तो गौतम बुद्ध नाही. चीनमधला बुडाई, दहाव्या शतकातला झोळी घेऊन फिरणारा भिक्खू, ज्याला लोक मैत्रेयाचा अवतार मानतात. त्याच्या अंगावर ३२ पैकी काही शोधायला जाऊ नका. थायलंडमध्ये एक वेगळा जाडा भिक्खू दिसतो, तो महाकच्चायन, कथा अशी की तो इतका देखणा होता की त्यानेच स्वतःला बेढब करून घेतलं.

अर्हतांनाही लक्षणं असतात का?

नाही, अर्हत (बुद्धांच्या मार्गाने पूर्ण मुक्त झालेली व्यक्ती) व्हायला कुठलंही लक्षण लागत नाही. लकुण्टक भद्दिय बुटका, दिसायला कुरूप, भिक्खू त्याची टिंगल करायचे. तो लांबून येताना दिसला तेव्हा बुद्धांनीच सांगितलं की हा मोठ्या शक्तीचा माणूस आहे, ज्यासाठी कुलपुत्र घर सोडतात ते याने मिळवलंय. आणि मधुर आवाजात सगळ्यांत अग्र म्हणून त्यालाच मान दिला. पुढे चीन-जपानमध्ये अर्हतांची चित्रं मुद्दाम विचित्र काढायची पद्धतच पडली, जमिनीला टेकतील अशा भुवया, टेंगळं, वाकडी नाकं. बोधिधर्म तर वटारलेले डोळे आणि दाढीशिवाय कोणी काढतच नाही.

बायकांना ही लक्षणं असू शकतात का?

लिस्टमधलं एक लक्षण सरळसरळ पुरुषाचं आहे, आणि बहुधातुक सुत्तात स्त्री सम्यक संबुद्ध किंवा चक्रवर्ती होऊ शकत नाही असं म्हटलंय. महायानात सद्धर्मपुंडरीकात नागराजाची मुलगी क्षणात बुद्ध होते, पण त्याआधी पुरुष होते आणि मग ३२ लक्षणं दाखवते. ते वाचून चिडणारे चिडतात, आणि मला ते चुकीचं वाटत नाही. वज्रयानातली तारा मात्र ठामपणे सांगते की मी स्त्रीच्याच देहात राहून बोधी मिळवणार.

पण या प्रश्नाचं खरं उत्तर मला थेरीगाथेत, म्हणजे ज्येष्ठ भिक्खुणींच्या (थेरींच्या) गाथांच्या संग्रहात, दिसतं. अर्हत स्त्रिया तिथे शेकड्याने नाहीत तरी भरपूर आहेत, आणि अंबपालीची गाथा म्हणजे ३२ लक्षणांची उलटी बाजूच. वैशालीची गणिका, आता म्हातारी थेरी, ती आपल्याच देहाचं डोक्यापासून पायापर्यंत वर्णन करते: केस भुंग्यांसारखे काळे, टोकाला वळलेले होते, आता तागासारखे झालेत. दात केळीच्या कोंबासारखे होते, आता तुटलेत, पिवळे पडलेत. आवाज रानातल्या कोकिळेसारखा होता, आता अडखळतो. आणि प्रत्येक कडव्याला तेच पालुपद, की सत्य सांगणाऱ्याचं वचन खोटं ठरत नाही. तीच पद्धत, अवयवामागून अवयव, पण इथे प्रत्येक अवयव जे सांगतोय ते अनित्यता आहे.

सुरुवातीला मूर्तीच नव्हत्या म्हणतात, मग लक्षणं दाखवायचे कुठे?

भारहूत आणि सांचीच्या शिल्पांमध्ये बुद्ध माणसाच्या रूपात नाहीत. बोधिवृक्ष, रिकामं आसन, छत्र, चक्र, आणि पावलं. पावलांवर चक्र मात्र कोरलेलं, म्हणजे ३२ पैकी एक लक्षण मूर्तीच्या आधीपासून दगडावर आहे. माणसाच्या रूपातल्या मूर्ती साधारण इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात गांधार आणि मथुरेत दिसायला लागतात, कनिष्काच्या नाण्यावर ग्रीक अक्षरांत 'बोद्दो' असं नावासकट बुद्ध आहेत. हा फरक बघायचा असेल तर अजिंठा उत्तम: लेणं १० मध्ये नुसता स्तूप, आणि काही शतकांनंतरच्या १९ आणि २६ मध्ये त्याच स्तूपाच्या दर्शनी भागावर बुद्ध.

पावलांवरून दोण ब्राह्मणाची गोष्ट आठवते. रस्त्यात त्याला हजार आऱ्यांच्या चक्राचे ठसे दिसतात, ही माणसाची पावलं नव्हेत म्हणत तो माग काढत जातो, झाडाखाली बुद्ध बसलेले. आपण देव का? नाही. गंधर्व? नाही. यक्ष? नाही. मग माणूस? तेही नाही. मला बुद्ध समज.

बाबासाहेबांनी यावर काय लिहिलंय?

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' (इंग्रजी मूळ १९५७ ला आलं) मध्ये असिताची भेट आणि ३२ लक्षणांचा उल्लेख आहे. पण पुढे बुद्धांच्या व्यक्तिमत्त्वावरच्या भागात त्यांचं दिसणं आणि प्रत्यक्ष बघणाऱ्यांच्या साक्षी यांना वेगळी जागा दिलीय. प्रत्यक्षदर्शी काय म्हणतात हे वेगळं काढणं मला महत्त्वाचं वाटतं.

अंगावरच्या खुणा बघून भविष्य सांगणं बौद्ध धम्मात चालतं का मग?

नाही! ब्रह्मजाल सुत्तात हलक्या विद्यांची लांबलचक यादी आहे ज्यावर श्रमणाने पोट भरू नये, आणि त्यात अंगावरच्या लक्षणांवरून भविष्य सांगणं स्पष्ट आहे. स्त्रियांची लक्षणं, पुरुषांची लक्षणं, अगदी बैल-कोंबड्यांची लक्षणंसुद्धा. तोच दीघनिकाय, त्यातच लक्खण सुत्त. वक्कली नावाचा आजारी भिक्खू बुद्धांना डोळे भरून बघायची इच्छा सांगतो तेव्हाही उत्तर मिळतं की या घाणेरड्या शरीरात बघण्यासारखं काय आहे, जो धम्म बघतो तो मला बघतो.

मग बुद्ध कसे होते हे जवळून बघितलेल्या माणसाचं वर्णन कुठे आहे?

ब्रह्मायु सुत्तात, आणि ते ३२ लक्षणांच्या लिस्टच्या अगदी खाली आहे पण लोक लिस्ट संपली की वाचायचं थांबतात. मिथिलेचा ब्रह्मायु ब्राह्मण १२० वर्षांचा, तो आपल्या उत्तर नावाच्या शिष्याला पाठवतो की जा, लक्षणं आहेत का बघून ये. उत्तर बघतो, ३२ च्या ३२ आहेत, आणि तेवढ्यावर परत जायचं सोडून तो ठरवतो की आता याचं वागणं बघू, आणि सात महिने सावलीसारखा मागे राहतो.

परत आल्यावर तो लक्षणं पटकन उरकतो आणि मग जे सांगतो ते फार बारीक आहे. चालायला लागताना उजवं पाऊल आधी टाकतात. पाऊल फार लांब नाही, फार जवळ नाही. गुडघ्याला गुडघा घासत नाही, घोट्याला घोटा लागत नाही. मागे बघायचं तर मान वळवत नाहीत, सगळं अंग वळवतात. पात्रासाठी पाणी घेताना जास्त नाही, कमी नाही, धुताना आवाज नाही, पाणी उडवत नाहीत. कालवण भाताच्या बेताने घेतात. घास तोंडात दोन-तीनदा फिरवतात, एकही शीत न चावता पोटात जात नाही आणि तोंडात शीत उरलेलं असताना दुसरा घास घेत नाहीत. चव घेतात, चवीचा लोभ नाही. जेवण झाल्यावर थोडा वेळ गप्प बसतात, पण अनुमोदनाची (जेवणानंतर यजमानाला करायच्या उपदेशाची) वेळ टळू देत नाहीत. त्यात जेवणाला नावं ठेवत नाहीत आणि पुढच्या जेवणाची अपेक्षाही दाखवत नाहीत. बसताना हनुवटी हातावर ठेवत नाहीत. आवाज सभेपर्यंत पोचतो, सभेच्या बाहेर जात नाही. चीवर अंगाला चिकटलेलं नसतं, लोंबतही नसतं. सात महिने कोणाच्या पाठीमागे राहून हे सगळं टिपणारा माणूस किती चिकट असेल विचार करा.

आणि हे ऐकून ब्रह्मायुचं समाधान झालं?

झालं, तीनदा 'नमो तस्स' म्हणाला, आणि तरीही स्वतः बघायला गेलाच. त्यालाही ती दोन लक्षणं अडलीच, त्याने विचारली, बुद्धांनी दाखवली. मग मात्र त्याने विचार केला की आता या जन्माच्या कामाचं विचारू की पुढच्या, आणि 'ब्राह्मण कसा होतो' इथून सुरू करून 'बुद्ध कोणाला म्हणायचं' इथपर्यंत प्रश्न विचारले. उत्तरात एकही अवयव नाही. उपदेश ऐकून त्याला धम्मचक्षू (धम्म समजण्याची दृष्टी) मिळाला, सात दिवस त्याने संघाला जेवण दिलं, त्यानंतर थोड्याच दिवसांत वारला, आणि भिक्खूंनी त्याची गती विचारली तेव्हा बुद्धांनी सांगितलं, अनागामी झाला, म्हणजे या जगात पुन्हा जन्म न घेणारा.